करवंटीतल्या म्हशी

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा सुरू केलं, तीनदा पुसलं. अहवाल लिहून झालाय, वरती गेलाय, मग परत कशाला उगाळायचं? पण अहवालात म्हशींची नावं नाहीत, नुसते कानातल्या बिल्ल्यांचे नंबर आहेत. बामूकाकाचं हसणं नाही. माझे बाबा दुपारी पंचा चौघडी करून डोक्याखाली घ्यायचे, तेही नाही. म्हणून लिहितोय. जमेल तसं. मी काही लेखक नाही, बारावी सायन्सला दोनदा नापास झालेला माणूस आहे. जे काय येतं ते फोनवर बघून आणि मुजावर मॅडमची बोलणी खाऊन आलेलं.

माझं नाव लवू गवस. गाव आंबेखोल, दोडामार्गच्या पुढे, जिथे रस्ता संपतो आणि रान सुरू होतं. गावाजवळच माकडतापाचं केंद्र आहे, तिथे मी कामाला आहे. काम सांगितलं की लोक हसतात. एक मीटर रुंद पांढरं फ्लॅनेलचं कापड घ्यायचं, काठीला बांधायचं आणि रानातल्या पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं. दहा पावलं झाली की उलटं करून बघायचं. त्याला गोचिडी चिकटलेल्या असतात. चिमट्याने उचलायच्या, बाटलीत टाकायच्या, पुढे चालायचं.

"काय रे लवू, चादर सुकत घालूक इलंस?" काजूच्या बागेतल्या बायका विचारतात.

"होय गो, तुझी पण आण, एकदम घालतंय," मी म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी, २०४०मध्ये, केंद्रात ते यंत्र आलं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला ज्योतिषी म्हणतो. फरक एवढाच की हा पुढचं सांगत नाही, मागचं सांगतो.

*

ज्योतिषी काय करतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या रानातली गोचीड सगळ्या आयुष्यात तीनदाच जेवते. अंड्यातून बाहेर आली की एकदा, जरा मोठी झाली की एकदा आणि पूर्ण मोठी झाली की एकदा. प्रत्येक वेळी वेगळ्या प्राण्यावर चढते, पोटभर रक्त पिते, गळून पडते आणि महिनोन् महिने पाचोळ्यात उपाशी बसते. पहिलं जेवण बहुतेक उंदराचं किंवा पाखराचं. दुसरं माकडाचं, नाहीतर काजू वेचायला वाकलेल्या माणसाचं. तिसरं मोठ्या गुराचं. माकडतापाचा विषाणू हा असा पंगतीतून पंगतीत फिरतो. एका पानावर उष्टं झालेलं तोंड पुढच्या पानावर जातं.

आता गंमत अशी की गोचिडीच्या पोटात मागच्या जेवणाचा अंश राहतो. रक्त पचतं, पण डीएनएचे तुकडे उरतात. ज्योतिषीच्या पोटात एक पातळ पडदा आहे, त्याला इतकी बारीक छिद्रं की एका वेळी डीएनएचा एकच धागा जाईल. धागा जाताना यंत्र तो वाचतं. वीस मिनिटांत पडद्यावर अक्षरं येतात, कोणाचं रक्त आणि किती जुनं: उंदीर, सात महिने. माकड, तीन महिने. गुरांना बिल्ला मारताना रक्ताचा थेंब घेतात, त्याची नोंद सरकारकडे असते. त्यामुळे म्हैस असेल तर नुसतं "म्हैस" येत नाही, कुठली म्हैस तेही येतं.

पहिल्या वर्षी दवाखान्यातल्या रक्ताच्या नोंदींवरून माणसांचीही नावं यायची. मग आमच्याच गावात भानगड झाली. दाजी घाडी बायकोला सांगून गोव्याला हॉटेलात कामाला गेलेला. तीन महिन्यांनी आम्ही वरच्या कड्याखालच्या गोचिडी वाचल्या, तर अकरापैकी सहा गोचिडींच्या पोटात दाजी घाडी. गडी तिथे दारूची भट्टी लावून बसलेला! बायकोने त्याला बाजारात चपलेने हाणला. दाजी म्हणाला, "पोलिसांका तीन म्हयने गावलंय नाय, आणि एका गोचडीन धरून दिल्यान!" त्यानंतर नियम आला की माणसाचं नाव राखीव. पडद्यावर फक्त "माणूस" येईल.

आणखी एक नियम आधीपासूनचा. वाचून झालेले नमुने नव्वद दिवसांनी भट्टीत जाळायचे. हा नियम लक्षात ठेवा.

*

या वर्षी जानेवारीत राखणदाराच्या, म्हणजे आमच्या रानाच्या रक्षक देवाच्या, राईत चार माकडं मरून पडली. आठवड्याभरात गावातल्या दोघी बायका तापाने फणफणल्या. दोघी दुपारी त्याच राईत भाकरी खायला बसायच्या. त्यातल्या रेशम नाईकच्या नाकातोंडातून रक्त आलं, तिला गोव्याला हलवलं. लस आहे, पण तिचा जोर वर्षभरही टिकत नाही, आणि काजूच्या हंगामात सुई टोचून घ्यायला एक दिवस मोडायचा कोणी?

मी राईत कापड ओढलं. दहा पावलांनी उलटं केलं तर पांढरं कापड तिळाच्या चिक्कीसारखं दिसत होतं.

मुजावर मॅडम आमच्या केंद्राच्या प्रमुख, मिरजेच्या. रागावल्या की हळू बोलतात. त्या फारच हळू बोलल्या. "लवू, गोचिडीची मादी अंडी घालते दोन-तीन हजार. पण त्याआधी तिला मोठ्या जनावराचं पोटभर रक्त लागतं. ही राई कड्याच्या अंगाला, इथे म्हैस चढू शकत नाही. बिल्ल्यांचा माग बघितला, दहा वर्षांत एकही जनावर इथे आलेलं नाही. मग या माद्यांना जेवू कोण घालतंय?"

राखणदाराच्या दगडावर मोठी कपार पुढे आलेली आहे, तिच्याखाली पाऊस पोचत नाही. मॅडम तिथे वाकल्या. आत करवंट्या होत्या. जुन्या काळ्या पडलेल्या, नवीन तांबूस, एकात एक, एकावर एक. आणि त्यांच्या आजूबाजूला, मातीच्या भेगांत, सुकलेल्या गोचिडींची टरफलं. मादी अंडी घालून मरते, तिचं सुरकुतलेलं कातडं उरतं, मनुक्यासारखं.

"हे काय आहे?"

"पूजेच्या असतील," मी म्हणालो.

खोटं बोललो. त्या करवंट्यांमधल्या काही मीच ठेवल्या होत्या.

*

राईच्या खाली अर्ध्या तासावर वरकांचा धनगरवाडा. एकच घर, एकच गोठा आणि चौदा म्हशी. धुळू वरक माझा पहिलीपासूनचा मित्र. शाळेत दोघांना मिळून एकच छत्री होती, ती त्याची होती.

त्याचा बाप बामूकाका. माझे बाबा वरकांच्याच शेजारी काजूची बाग राखायला होते. रविवारी सकाळी दोघं गोठ्यापुढे बसायचे आणि म्हशींच्या गोचिडी काढायचे. कानामागच्या, कासेजवळच्या, शेपटीखालच्या. टपोऱ्या, करवंदाएवढ्या. बाबा नुसते बसत नसत, गाऱ्हाणं चालू असायचं.

"बामू, तुझी ही कोयती म्हस माका लाथ मारता."

"तुझ्या हाताक काजीच्या तेलाचो वास येता रे. कुणालाय लाथ मारुशी वाटात."

आणि मग तो हसायचा. बामूकाकाचं हसणं दुरून ऐकलं तर कोणीतरी सुकं लाकूड फोडतंय असं वाटायचं.

बाकी सगळे लोक काढलेली गोचीड निखाऱ्यावर टाकतात. फट् करून फुटते. वरकांकडे ते चालायचं नाही. त्यांच्या पणज्यापासूनची रीत. मी एकदा एक गोचीड चुलीत टाकायला गेलो तर बामूकाकाने माझा हात धरला.

"तिच्या पोटात कोणाचा रक्त असा?"

"चांदीचा."

"मग चांदीक आगीत घालतंस? ती दूध देता तुका, आणि तू तिका भाजतंस?" त्याने गोचीड अलगद करवंटीत टाकली. "रक्त ज्येचा तेचा. आपण जाळूचा नाय, चिरडूचा नाय. राखणदाराक देवचा. तो बघून घेयत."

करवंटी भरली की ती राखणदाराकडे नेऊन ठेवायचं काम मुलांचं. मी आणि धुळू. वरती पानाचं झाकण, दोरीने बांधलेलं. चढण दमवणारी, पण परत आलं की धुळूची आई खरवस द्यायची, नाहीतर भाकरीवर लोण्याचा गोळा. करवंटी कोणी धरायची यावर आमची भांडणं व्हायची. जो धरेल त्याला मोठा गोळा. मी बहुतेक वेळा जिंकायचो, कारण धुळूला शर्यत लावायचाच कंटाळा. चढताना आम्ही म्हशींची नावं घेत जायचो, ओळीने, श्वास लागेपर्यंत. चांदी, कोयती, बाणी, मोगरी, पवळी, म्हातारी कावेरी. का ते आता आठवत नाही. बहुतेक बामूकाकानेच सांगितलं असेल की राखणदाराला कळायला हवं, कोणाचं काय आणलंय ते.

आणि बाबा दुपारी त्याच राईत झोपायचे. पंचा चौघडी करून डोक्याखाली. थंड जागा, वर आंब्याचं दाट झाड. मी करवंटी ठेवून उतरताना त्यांना हलकेच ओलांडून जायचो.

मी तेरा वर्षांचा असताना फेब्रुवारीत बाबांचे डोळे लाल झाले. ताप, डोकं फुटेल एवढं दुखणं. नऊ दिवस. शेवटच्या दिवशी बामूकाका दवाखान्याच्या पायरीवर बसून होता, हातात दुधाची किटली. कोणाला द्यायची ते त्याला कळत नव्हतं.

त्यानंतरही रविवारी मी करवंटी घेऊन वर जातच होतो. शाळा सुटेपर्यंत.

*

मॅडमनी मला टरफलं वाचायला बसवलं. "तू हळू हाताचा आहेस," म्हणाल्या. शंभरेक टरफलं, चार दिवसांचं काम. एक एक उचलायचं, थेंबभर द्रावणात भिजवायचं, ज्योतिषीच्या तोंडाशी धरायचं.

पहिलं वाचलं. म्हैस, बिल्ला नंबर, अंदाजे पाच महिने. नोंदीत शोधलं: मालक धुळू बामू वरक. मॅडमना मी काही बोललो नाही. आज सगळी वाचून होऊ देत, उद्या सांगू, असं रोज म्हणालो.

मग जुनी टरफलं सुरू झाली, कपारीच्या आतल्या बाजूची. सात वर्षं. नऊ वर्षं. आणि एका नंबराला मी थांबलो, कारण शेवटचे तीन आकडे मला पाठ होते. चांदीचा बिल्ला. आम्ही त्या आकड्यांवरून तिला चिडवायचो. चांदी मेली तेव्हा मी नववीत होतो. ती दरीत घसरली. धुळू दोन दिवस जेवला नाही, आणि बामूकाका तिची गळ्यातली घंटा हातात घेऊन नुसताच फिरत होता.

आणि इथे, मनुक्याएवढ्या टरफलात, चांदी होती.

त्यानंतर कोयती आली. मग बाणी. पवळी तीन वेळा आली. एकेक नंबर नोंदीत टाकायचा, जन्मसाल बघायचं, आणि कोण ते मला कळायचं. मोगरीला तळ्यातून बाहेर काढायला बाबा कंबरेएवढ्या पाण्यात उतरले होते. कावेरी तर माझ्यापेक्षा मोठी होती. लाखो रुपयांच्या यंत्रासमोर बसून मी डोळे पुसत होतो, आणि शेजारच्या टेबलावरचा मुलगा विचारत होता, "स्पिरिट डोळ्यांत गेलं काय?"

बामूकाका सांगायचा तेच यंत्र सांगत होतं. रक्त ज्याचं त्याचं. फक्त त्याला पुढचं माहीत नव्हतं. करवंटीतली मादी राखणदाराच्या पायाशी चांदीचं रक्त देत नव्हती. ती चांदीच्या रक्तावर तीन हजार अंडी घालत होती. एका करवंटीत पन्नास माद्या, महिन्याला चार करवंट्या. ज्या राईत म्हैस चढू शकत नाही तिथे आम्ही म्हशी वाहून नेल्या. झाकण लावून, नावं घेत.

चौथ्या दिवशी सगळ्यात खालचं एक टरफल निघालं. बाकीच्यांपेक्षा लहान, अर्धवट भरलेलं. वीस मिनिटांनी पडद्यावर आलं:

माणूस. पुरुष. अंदाजे तेरा वर्षं जुनं. नाव राखीव.

मोठी मादी माणसाला क्वचित धरते, पण धरते. त्या गोठ्यापुढे दोन पुरुष बसायचे. एकमेकांच्या पाठीवरच्या गोचिडीही काढायचे आणि त्याच करवंटीत टाकायचे. हे रक्त बामूकाकाचं असेल, नाहीतर माझ्या बाबांचं. बामूकाका गेल्या वर्षी म्हातारपणाने गेला. म्हणजे दोघंही नाहीत.

नाव राखीव असलं तरी एक वाट होती. माझ्या बोटाचा एक थेंब ज्योतिषीला द्यायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. बाप-लेक असतील तर लगेच कळलं असतं. मी सुई काढली होती. बोटाला टेकवलीही होती.

मग ठेवून दिली. आधी धुळूला सांगायला हवं होतं.

*

धुळू म्हशींना पाणी दाखवत होता. मला बघून म्हणाला, "ये सायबा! आज चादर खंय ठेवलंस?"

"धुळू, शेवटची करवंटी कधी नेलंस वर?"

"आयतवारी. कित्या?"

"दर आयतवारी नेतंस?"

"नाय तर काय करू? बापूस जाताना सांगान गेलो. म्हशी इकलंस तरी चलात, रीत मोडू नको." तो थांबला. "काय झाला? तोंड असा कित्याक केलंस?"

मी सांगितलं. सगळं. अंडी, हजार, राई, रेशम नाईक. त्या लहान टरफलाचं तेवढं मागे ठेवलं. तो ऐकत होता आणि हातातली बादली खाली ठेवत नव्हता.

"आमी आयुष्यभर थंयच फिरतंव," तो म्हणाला. "आमका कधी काय झाला नाय."

"तुमका ल्हानपणीच बारीक ताप येऊन गेलो असतलो. अंगात ताकद तयार झाली. बाकीच्यांका ती नाय."

"म्हणजे," धुळू एकदम शांतपणे म्हणाला, "माझ्या बापाशीन तुझ्या बापाशीक मारल्यान, असा म्हणाक इलंस तू?"

"नाय रे."

"मग कसा ता सांग! यंत्र सांगता ना? सांग!"

"करवंटी माझ्या हातात असायची, धुळू. लोण्याच्या गोळ्यासाठी. मी तेंका ओलांडून जायचंय."

एक म्हैस बादलीत तोंड घालायला आली, त्याने तिला घालू दिलं.

"आता काय करतले?" त्याने विचारलं.

हेच सांगणं कठीण होतं. औषधाची फवारणी आता लागू पडत नाही, गोचिडी ती पचवायला शिकल्यात. नियमाप्रमाणे अशा ठिकाणी एकच उपाय. मोठी गुरं दोन वर्षं डोंगरावरून हलवायची. मोठं जनावर नाही म्हणजे मादीला जेवण नाही, अंडी नाहीत, आणि आहेत त्या उपाशी मरतात. वरकांच्या पाच पिढ्यांनी हा डोंगर सोडलेला नव्हता.

"चौदा म्हशी घेऊन मी खंय जाऊ? आवशीक घेऊन खंय जाऊ?" आणि मग, माझ्याकडे न बघता: "तू लिवलंस नाय तर?"

मी याचा विचार केला नव्हता असं सांगितलं तर ते खोटं होईल. चार दिवस तेवढाच विचार करत होतो. करवंट्या कोणाच्या ते फक्त मला माहीत होतं. नंबरांची यादी माझ्याच टेबलावर होती. मालकाच्या रकान्यात "नोंद जुळत नाही" लिहिलं असतं तर कोणी दुसऱ्यांदा तपासलं नसतं. धुळूने हळूच करवंट्या बंद केल्या असत्या. पण राईत आता लाखो पिल्लं होती, आणि धुळूच्या म्हशी रोज राईखालून जात होत्या. हंगामाचे अजून तीन महिने बाकी होते. एखादी रेशम परत आली नसती.

"मी लिवतलंय," मी म्हणालो. "पण पयला नाव माझा घालतलंय."

"जा हंयसून," धुळू म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमसमोर कागद ठेवला. पहिलं वाक्य असं होतं: "सदर करवंट्या लहानपणी मी, लवू अर्जुन गवस, आणि माझा मित्र ठेवत होतो." मॅडमनी वाचलं, चष्मा काढला.

"चार दिवस तू हे दाबून ठेवलंस?"

"होय."

"आणि त्या दिवशी पूजेच्या म्हणालास."

"होय."

त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "हे चार दिवस तुझ्या नावावर लिहून ठेवते. पुढे विचारतील, तेव्हा उत्तर तूच द्यायचं."

तेवढ्यात दारात धुळू. न्हालेला, धुतलेला शर्ट. हातात भरलेली करवंटी, वर पानाचं झाकण, दोरीने बांधलेली.

"मॅडम, ही या आयतवाराची," तो म्हणाला. "वर नेवक नाय. घराकडे ठेवक मन होयना. जाळतंय म्हटलंय तर हात उचलना. तुमी काय ता करा." मग माझ्याकडे मान करून: "आणि ह्याका बोलू नकात. ह्यो एकलो नेय नव्हतो. अर्धे वेळ मी नेय होतंय."

मॅडमनी करवंटी टेबलावर ठेवायला सांगितली. मग उठून त्यांनी स्वतः एक मोठी बाटली आणली, स्पिरिटने भरलेली. "यात टाक. यात जळत नाहीत, चिरडत नाहीत. नुसत्या झोपतात."

धुळूने एक एक गोचीड टाकली. प्रत्येक वेळी ओठ हलत होते. तो नावं घेत होता. नव्या म्हशींची, मला माहीत नसलेली.

मॅडमनी भांडून भांडून एवढं मिळवलं: म्हशी सरकारी छावणीत जाणार नाहीत, धुळूच्याच ताब्यात राहतील. सावंतवाडीच्या खाली एका माळावर दोन वर्षांसाठी जागा आणि गोठा. राई बंद. रेशम नाईक वाचली. महिन्याने घरी आली, केस गळलेले, पण चालत आली. एप्रिलमध्ये मी राईच्या कडेने कापड ओढलं तेव्हा तीळ जरा कमी वाटले. अजून खूप आहेत.

*

म्हशी ट्रकात चढायला तयार नव्हत्या. सकाळचे आठ वाजले होते, ऊन वाढत होतं. शेवटी धुळूची आई फळीवर चढून पुढे उभी राहिली आणि हाक मारली, तेव्हा एकेक चढल्या. ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तुझी आवस जेवता काय रे नीट?" आणि मग पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली, गोठ्याकडे पाठ करून.

धुळू आणि मी मागे राहिलो. मी त्याला त्या लहान टरफलाबद्दल तोपर्यंत सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. माणूस, पुरुष, तेरा वर्षं जुनं.

त्याने ट्रकातल्या शेवटच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या बापाशीचा, नायतर माझ्या."

"होय. बोटाचो थेंब दिलो तर कळात. तुझो, नायतर माझो."

"तू बघितलंस?"

"नाय."

"कित्या?"

"एकट्याक बघूचा वाटला नाय."

तो हसला. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की धुळू बामूकाकासारखा हसतो, सुकं लाकूड फोडल्यासारखा. "दोघांव एकाच करवंटीत," तो म्हणाला. "बरा झाला. वर पण भांडत असतले."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. धुळू फळीवर चढला, परत उतरला.

"तुमच्याकडे नव्वद दिवसांनी जाळतत, नाय?"

"होय."

"सगळी?"

"नियम तसो असा."

मागायला त्याला जमत नव्हतं. छत्रीत बोलवतानाही तो कधी "ये" म्हणायचा नाही, नुसती जागा करायचा.

मग मीच बोललो. चांदी, कोयती, बाणी, मोगरी, पवळी, कावेरी, एकेकीचं नाव चिठ्ठीवर लिहून मी बाटलीला लावीन. मॅडमना विचारीन, त्या नाही म्हणाल्या तर त्यांच्या वरच्यांना विचारीन, ते नाही म्हणाले तर बाटल्या घेऊन घरी जाईन आणि नोकरी सोडीन. एकही टरफल आगीत जाणार नाही. आणि ते लहान, ते मी वाचणार नाही. दोन वर्षांनी तू म्हशी घेऊन हा चढ चढून येशील, तेव्हा ते तुझ्या हातात देईन. मग दोघं ठरवू, बोट कोणी टोचायचं, का तसंच राहू द्यायचं.

"लिवन ठेव," धुळू म्हणाला. "तू इसारतंस."

"लिवतंय."